परकीय सरकारांचा पैसा बाजारात कसा वागतो?

प्रश्न असा आहे: एखाद्या मोठ्या भारतीय कंपनीचा शेअरहोल्डिंग पॅटर्न, म्हणजे तिच्या भागधारकांचा तपशील, उघडला की त्यात ‘गव्हर्नमेंट ऑफ सिंगापूर’, ‘गव्हर्नमेंट पेन्शन फंड ग्लोबल’, ‘अबू धाबी इन्व्हेस्टमेंट अथॉरिटी’ अशी नावे आढळतात. ही सरकारे शेअरबाजारात नेमकी काय करत असतात, त्यांच्या पैशामुळे बाजाराला स्थैर्य येते की तो राजकारणाच्या हाती जातो, आणि सामान्य गुंतवणूकदाराने ही नावे पाहून काही निष्कर्ष काढावा का?

मालक सरकार आहे, एवढ्या एका माहितीवरून जवळजवळ काहीच कळत नाही, हे माझे पहिले उत्तर आहे. परकीय संस्थांच्या वतीने मुंबईत होणाऱ्या व्यवहारांशी माझा बरीच वर्षे संबंध आला आणि त्यातून माझे मत असे झाले आहे की सरकारी भांडवल कसे वागेल हे मालकाच्या नावावरून नव्हे, तर त्या पैशावर उद्या कोण, कशासाठी आणि किती तातडीने हक्क सांगू शकतो यावरून ठरते. महिन्याचा किराणा भागवण्याचे पैसे आणि नातवंडांच्या शिक्षणासाठी केलेली मुदत ठेव एकाच घरातली असली तरी आपण दोन्हींशी सारखे वागत नाही. सरकारांचेही तसेच आहे. सार्वभौम संपत्ती निधी म्हणजे देशाचा शिल्लक पैसा गुंतवण्यासाठी सरकारने उभे केलेले निधी; जगातील अशा निधींची एकत्रित मालमत्ता आज १० लाख कोटी डॉलरच्या बरीच पुढे गेली आहे, मध्यवर्ती बँकांकडील परकीय चलनसाठा त्याहून वेगळा, आणि सरकारी पेन्शन निधी व सरकारी मालकीच्या बँका-विमा कंपन्या त्याहूनही वेगळ्या. या सगळ्यांना एकाच मापाने मोजले की चर्चा भरकटते.

सुरुवात कुवेतपासून करावी लागते, कारण या प्रकारच्या निधींतील सर्वांत जुना निधी त्यांचा आहे. कुवेत अजून ब्रिटिश संरक्षणाखाली असतानाच, १९५३ मध्ये, तेलाच्या वाढाव्यातील पैसा गुंतवण्यासाठी लंडनमध्ये कुवेत इन्व्हेस्टमेंट बोर्ड स्थापन झाले. पुढे १९७६ मध्ये ‘भावी पिढ्यांचा निधी’ वेगळा काढण्यात आला आणि राज्याच्या उत्पन्नाचा १० टक्के भाग दरवर्षी त्यात टाकण्याची तरतूद झाली. आजची कुवेत इन्व्हेस्टमेंट अथॉरिटी १९८२ ची. ऑक्टोबर १९८७ च्या जागतिक पडझडीतच ब्रिटिश सरकारने बीपी या तेलकंपनीतील आपला उरलेला हिस्सा विक्रीला काढला होता. कोणी खरेदीदार मिळेना अशा त्या दिवसांत कुवेतने शेअर गोळा करत आपला वाटा सुमारे २२ टक्क्यांपर्यंत नेला. पडत्या बाजारात खरेदी करणारा दीर्घ मुदतीचा गुंतवणूकदार म्हणून त्याचे स्वागत व्हायला हवे होते, पण ब्रिटिश सरकारने तो वाटा ९.९ टक्क्यांवर आणण्यास सांगितले आणि जादा शेअर शेवटी बीपीनेच परत विकत घेतले. म्हणजे या भांडवलाचे दोन्ही चेहरे, संकटात धावून येणारा आणि संशयाने पाहिला जाणारा, एकाच व्यवहारात आणि तेही जवळजवळ चार दशकांपूर्वी दिसून आले होते. त्यानंतर तीन वर्षांतच इराकने कुवेत गिळंकृत केले तेव्हा परागंदा सरकारचा खर्च, देशाबाहेर पडलेल्या नागरिकांचा निर्वाह आणि नंतर उद्ध्वस्त देशाची उभारणी या सर्वांसाठी याच परदेशी गुंतवणुकीचा आधार झाला. भावी पिढ्यांसाठी ठेवलेला पैसा चालू पिढीला कधीच लागणार नाही, असे गृहीत धरता येत नाही.

नॉर्वेच्या निधीबद्दल मी थोडे अधिक लिहिणार आहे, कारण या क्षेत्रातील बहुतेक प्रश्नांची उत्तरे त्यांच्या नियमपुस्तकात सापडतात. उत्तर समुद्रातील एकोफिस्क तेलक्षेत्राचा शोध १९६९ चा. निधीचा कायदा झाला १९९० मध्ये आणि पहिली रक्कम जमा झाली १९९६ मध्ये. तेल सापडल्यापासून पहिल्या ठेवीपर्यंत पाव शतकाहून अधिक काळ गेला, आणि तोवर आलेला पैसा सरकारने खर्चही केला होता व कर्जफेडीलाही वापरला होता, हे लोक विसरतात. निधीतील पैसा फक्त नॉर्वेबाहेर गुंतवायचा, हा पहिला मूलभूत नियम, कारण एवढी रक्कम पन्नास-पंचावन्न लाख लोकसंख्येच्या अर्थव्यवस्थेत ओतली असती तर महागाई भडकली असती आणि तेल सोडून बाकीचे सगळे उद्योग बसले असते. दुसरा नियम २००१ चा: सरकारने अर्थसंकल्पातील तूट भरण्यासाठी दरवर्षी निधीच्या अपेक्षित वास्तव (महागाई वजा जाता उरणाऱ्या) परताव्याएवढीच रक्कम सरासरीने वापरायची. हे प्रमाण आधी ४ टक्के होते, २०१७ मध्ये ते ३ टक्के करण्यात आले. व्यवस्थापन मध्यवर्ती बँकेकडे, धोरण अर्थ मंत्रालयाकडे आणि अंतिम मान्यता संसदेकडे. कोणत्याही एका कंपनीत सर्वसाधारणपणे १० टक्क्यांहून अधिक मताधिकार घ्यायचा नाही, हीदेखील मर्यादा आहे.

या नियमांचा बाजारावर परिणाम काय होतो हे २००८ ने दाखवले. निधीतील शेअरचे प्रमाण ४० वरून ६० टक्क्यांवर नेण्याचा निर्णय २००७ मध्ये झाला होता आणि अंमलबजावणी चालू असतानाच बाजार कोसळला. त्या वर्षी निधीचा परतावा उणे २३.३ टक्के होता आणि तोटा ६३३ अब्ज क्रोनर. देशात गदारोळ झाला, परंतु ठरलेले प्रमाण गाठण्यासाठी निधी पडत्या बाजारात शेअर घेतच राहिला आणि २००९ मध्ये २५.६ टक्के परतावा मिळाला. यामागे व्यवस्थापकांचा विलक्षण अंदाज होता, अशी कथा सांगितली जाते, ती मला पटत नाही. खरेदी त्यांनी केली कारण नियमाने तसे सांगितले होते, आणि नियम बदलायचा तर संसदेत जावे लागले असते. पुढे शेअरचे प्रमाण ७० टक्क्यांपर्यंत नेण्यात आले. २०२२ मध्ये १,६३७ अब्ज क्रोनरचा तोटा झाला, तर २०२४ मध्ये १३ टक्के परताव्याने २,५११ अब्ज क्रोनर मिळाले. एवढ्या हेलकाव्यातही धोरण हलले नाही. आज जगातील सर्व सूचिबद्ध शेअरपैकी सुमारे दीड टक्का या एका निधीकडे आहे. कंपनी कोणतीही घ्या, सरासरीने तिचा शंभरातला दीड हिस्सा नॉर्वेच्या जनतेचा असतो, ही गोष्ट आपल्याकडे फारशी ध्यानात घेतली जात नाही.

याच्या उलट टोकाला मध्यवर्ती बँकांचा चलनसाठा आहे. तो आयातीची बिले भागवण्यासाठी आणि चलनाचा भाव सावरण्यासाठी असतो, म्हणून तो सुरक्षित आणि चटकन विकता येणाऱ्या रोख्यांत ठेवला जातो. गणित सोपे वाटते: सरकारी पैसा, सुरक्षित रोखे, म्हणजे स्थैर्य. प्रत्यक्षात या साठ्यावर तातडीचा हक्क नेमका वादळाच्या दिवशीच सांगितला जातो. जून २०१४ मध्ये चीनचा साठा ४ लाख कोटी डॉलरच्या उंबरठ्यावर होता. युआन सावरता सावरता जानेवारी २०१७ पर्यंत तो ३ लाख कोटींच्या खाली आला. मार्च २०२० मध्ये तर संकटकाळी सर्वांनी ज्यांच्याकडे धाव घ्यावी असे अमेरिकी सरकारी रोखेच विकले जाऊ लागले आणि विकणाऱ्यांत परकीय मध्यवर्ती बँकाही मोठ्या संख्येने होत्या, कारण त्यांना आपापल्या देशात डॉलर हवे होते. अमेरिकेची मध्यवर्ती बँक असलेल्या फेडरल रिझर्व्हने ३१ मार्चला नवी सुविधा जाहीर केली ती याच कारणाने, की या बँकांनी रोखे न विकता ते तारण ठेवून डॉलर घ्यावेत. त्याच तिमाहीत सौदी अरेबियाचा पब्लिक इन्व्हेस्टमेंट फंड मात्र बोईंग, सिटीग्रुप, डिस्ने, फेसबुक अशा कंपन्यांचे घसरलेले शेअर उचलत होता. एका प्रकारची सरकारी संस्था विकत होती आणि दुसऱ्या प्रकारची घेत होती.

आता २००७-०८ मधील ज्या व्यवहारांनी या निधींना जगभर प्रसिद्धी मिळाली त्यांकडे येऊ. नोव्हेंबर २००७ मध्ये अबू धाबी इन्व्हेस्टमेंट अथॉरिटीने सिटीग्रुपमध्ये ७.५ अब्ज डॉलर घातले. डिसेंबरात चायना इन्व्हेस्टमेंट कॉर्पोरेशनने मॉर्गन स्टॅन्लीत ५ अब्ज डॉलर, तर सिंगापूर सरकारच्या जीआयसी या गुंतवणूक कंपनीने यूबीएस या स्विस बँकेत ११ अब्ज स्विस फ्रँक गुंतवले. सिंगापूरचीच दुसरी सरकारी गुंतवणूक कंपनी टेमासेक मेरिल लिंचमध्ये गेली. जानेवारीत जीआयसी आणि कुवेत दोघेही सिटीग्रुपमध्ये आले. पाश्चात्त्य बँकांना त्यांच्या स्वतःच्या सरकारांनी वाचवण्याआधी आखाती आणि आशियाई सरकारांनी भांडवल पुरवले, हे खरे. पण या खरेदीदारांना स्थैर्याचे रक्षक ठरवण्यापूर्वी अटी वाचाव्यात. अबू धाबीला ११ टक्के वार्षिक परतावा मिळणार होता, मात्र २०१० पासून सिटीग्रुपचे शेअर किमान ३१.८३ डॉलर दराने घेण्याचे बंधनही होते. ती वेळ आली तेव्हा शेअर पाच डॉलरच्याही खाली होता. त्यांनी लवादाकडे दाद मागितली, पण निकाल त्यांच्या विरोधात गेला. कुवेत आणि जीआयसी यांच्याकडे परिवर्तनीय प्राधान्य भाग, म्हणजे पुढे सामान्य शेअरमध्ये बदलता येणारे भाग, होते. २००९ मधील पुनर्रचनेत दोघांनीही ते सामान्य शेअरमध्ये रूपांतरित केले, कुवेतने वर्षअखेरीस सर्व हिस्सा विकून ३ अब्जांवर १.१ अब्ज डॉलर नफा कमावला आणि जीआयसीने निम्मा हिस्सा विकून १.६ अब्ज डॉलर नफा नोंदवला. हीच जीआयसी यूबीएसमध्ये मात्र जवळपास दशकभर अडकली आणि २०१७ मध्ये तिने तोट्यात हिस्सा कमी केला. सिटीग्रुपपुरते पाहिले तर बँक तीच, वेळ तीच, मालक सगळेच सार्वभौम. फरक पडला तो करारातील कलमांमुळे. सरकारी पैसा शहाणा असतो किंवा भोळा असतो, असली सरसकट विधाने इथेच कोलमडतात.

मोठ्या सरकारी भागधारकाचा एक वेगळाच धोका मार्च २०२३ मध्ये दिसला. क्रेडिट स्वीस या स्विस बँकेचा सर्वांत मोठा भागधारक सौदी नॅशनल बँक होती आणि तिचा मुख्य मालक पब्लिक इन्व्हेस्टमेंट फंड. तिच्या अध्यक्षांना दूरचित्रवाणीवर विचारण्यात आले की आणखी भांडवल देणार का. त्यांनी ठाम नकार दिला. कारण निव्वळ नियामक होते, वाटा १० टक्क्यांवर गेला असता तर वेगळ्या तरतुदी लागू झाल्या असत्या. पण बाजाराने कारण ऐकलेच नाही. त्या दिवशी शेअर सुमारे एक चतुर्थांशाने पडला आणि चारच दिवसांत, १९ मार्चला, यूबीएसने ती बँक ताब्यात घेण्याचे जाहीर झाले. बँक आधीच पोखरलेली होती हे मान्य. तरीही ज्याच्या खिशाला तळ नाही असे बाजार मानत होता, त्याने खिसा बंद असल्याचे सांगितल्यावर काय होते, याचे हे उदाहरण आहे.

सरकार आपल्याच देशाच्या बाजारात उतरते तेव्हा प्रश्न आणखी अवघड होतो. ऑगस्ट १९९८ मध्ये हाँगकाँगच्या चलनावर आणि शेअरवर एकाच वेळी हल्ला करणाऱ्या सट्टेबाजांना रोखण्यासाठी तिथल्या चलन प्राधिकरणाने ११८ अब्ज हाँगकाँग डॉलरचे शेअर विकत घेतले. त्या वेळी मुक्त बाजाराच्या पुरस्कर्त्यांनी भरपूर टीका केली. परंतु प्राधिकरणाने नोव्हेंबर १९९९ मध्ये निर्देशांकावर आधारित ‘ट्रॅकर फंड’ काढून ते शेअर टप्प्याटप्प्याने जनतेला विकायला सुरुवात केली, म्हणून मी तो हस्तक्षेप यशस्वी मानतो. बँक ऑफ जपान या मध्यवर्ती बँकेने २०१० मध्ये ईटीएफची, म्हणजे निर्देशांकातील शेअर धरणाऱ्या निधींची, खरेदी सुरू केली ती मार्च २०२४ पर्यंत थांबवली नाही. ती जपानमधील सर्वांत मोठी भागधारक होऊन बसली, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये विक्रीचा जो वेग तिने जाहीर केला त्या वेगाने साठा संपायला शंभराहून अधिक वर्षे लागतील. आत शिरताना बाहेर पडण्याचा रस्ता ठरवलेला नसला की असे होते. आपल्याकडे मार्च २०१२ मध्ये ओएनजीसीच्या सरकारी हिश्श्याचा लिलाव झाला तेव्हा बहुतांश शेअर एलआयसीने उचलले, आणि पुढे आयडीबीआय बँकेत ५१ टक्के हिस्साही एलआयसीनेच घेतला. एलआयसीचा पैसा विमाधारकांचा आहे, सरकारी तिजोरीचा नाही. त्यामुळे त्यावर हक्क कोणाचा हा प्रश्न तिथे अधिक टोकदार होतो. याबाबत मुंबईच्या बाजारात दोन तट आहेत. एलआयसीची खरेदी दीर्घकाळात फायद्याची ठरते असे म्हणणाऱ्यांकडे आकडे असतात, पण खरेदीचा क्षण जर विकणाऱ्याच्या सोयीने ठरत असेल तर परतावा चांगला निघाला तरी तो योगायोग मानावा, असे मला वाटते.

राजकारणाच्या भीतीबद्दल. ती भीती निराधार नाही, मात्र ती नेहमी चुकीच्या ठिकाणी व्यक्त होते. २००६ मध्ये दुबई सरकारच्या मालकीच्या डीपी वर्ल्डने ब्रिटनची पी अँड ओ कंपनी विकत घेतली आणि तिच्याबरोबर काही अमेरिकी बंदरांवरील कामकाजही आले, तेव्हा अमेरिकी काँग्रेसमध्ये असे वादळ उठले की डीपी वर्ल्डला ते कामकाज विकून टाकावे लागले. त्याच सौद्यात न्हावा शेव्यातील कंटेनर टर्मिनलही दुबईकडे आले. तिथे असे वादळ झाले नाही. शेजारी पुढे आणखी एक टर्मिनल उभे राहिले, ते पीएसए या सिंगापूरच्या टेमासेकच्या मालकीच्या कंपनीचे. परकीय सरकारच्या हाती बंदर गेल्याने आयात-निर्यात बंद पडत नाही; धक्के, क्रेन आणि जमीन कुठे उचलून नेता येत नाहीत, आणि यजमान देशाचा कायदा त्यांना लागू असतो. या बाबतीत यजमानाची ताकद पाहुण्यापेक्षा जास्त असते, आणि त्याचा सर्वांत मोठा पुरावा २०२२ मध्ये मिळाला. युक्रेनवरील आक्रमणानंतर पाश्चात्त्य देशांनी रशियाच्या मध्यवर्ती बँकेचा सुमारे ३०० अब्ज डॉलरचा साठा गोठवला. त्यातला मोठा भाग बेल्जियममधील युरोक्लिअर या रोखे सांभाळणाऱ्या संस्थेकडे अडकला आहे. परकीय बाजारातील सरकारी पैसा यजमानाला ओलीस धरेल, अशी जी भीती २००७ च्या सुमारास व्यक्त होत होती, ती प्रत्यक्षात उलटी खरी ठरली. त्यानंतर अनेक मध्यवर्ती बँकांनी सोन्याकडे वळणे आणि ते आपल्या हद्दीत ठेवणे पसंत केले. रिझर्व्ह बँकेनेही २०२३-२४ मध्ये ब्रिटनमधून सुमारे १०० टन सोने परत आणले.

मग नियमावली कितपत उपयोगी पडते? ऑक्टोबर २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या पुढाकाराने या निधींसाठी २४ सँटियागो तत्त्वे ठरली. ती ऐच्छिक आहेत, आणि ज्यांना पारदर्शक व्हायचे होते तेच त्यांमुळे अधिक पारदर्शक झाले. मलेशियाच्या वनएमडीबी या सरकारी निधीमधून साडेचार अब्ज डॉलर वळवले गेल्याचा अमेरिकी न्याय विभागाचा आरोप आणि २०२० मध्ये माजी पंतप्रधान नजीब रझाक यांना झालेली शिक्षा पाहिली, म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. तिथे वाढावा नव्हताच. रोखे काढून, म्हणजे कर्ज घेऊन, निधी उभा केला होता. ज्या निधीमागे बचत नाही आणि ज्याच्या सल्लागार मंडळाचा अध्यक्ष स्वतः पंतप्रधान आहे, तो सार्वभौम असला तरी निधी म्हणण्याच्या योग्यतेचा नसतो.

नैतिक निकषांचा मुद्दाही याच संदर्भात येतो. नॉर्वेने फेब्रुवारी २०२३ मध्ये अदानी समूहातील उरलेले सर्व शेअर विकल्याचे सांगितले आणि मे २०२४ मध्ये अदानी पोर्ट्सला अधिकृतपणे वगळले, तेव्हा आपल्याकडे अनेकांनी त्यामागे परराष्ट्र धोरण शोधले. पण त्यांची नीतिविषयक परिषद २००४ मध्येच नेमली गेली आणि वगळलेल्या कंपन्यांत अनेक पाश्चात्त्य कंपन्याही आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या कॅटरपिलरला वगळले तेव्हा अमेरिकी सरकारने उघड नाराजी व्यक्त केली. निकषांवर वाद घालता येईल, परंतु तो निकष कोणा एका देशासाठी बनवलेला आहे, असे म्हणता येत नाही.

भारतात हा पैसा कोठवर पोहोचला आहे, हे शेअरबाजाराबाहेरही पाहावे. मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गाची पथकर वसुली करणाऱ्या आयआरबी इन्फ्रास्ट्रक्चरमध्ये जीआयसीने २०२१ मध्ये सुमारे १७ टक्के हिस्सा घेतला. गोरेगावच्या निरलॉन नॉलेज पार्कची मालक कंपनी त्याआधीच जीआयसीच्या ताब्यात गेली होती. मुंबई उपनगरांना वीज देणाऱ्या अदानी इलेक्ट्रिसिटीत २०२० मध्ये कतार इन्व्हेस्टमेंट अथॉरिटीने २५.१ टक्के हिस्सा घेतला. त्याच वर्षी जिओ प्लॅटफॉर्म्समध्ये सौदी फंडाने ११,३६७ कोटी रुपये आणि अबू धाबीच्या दोन निधींनी मिळून १४ हजार कोटींहून अधिक रुपये घातले. रस्ते, वीज, बंदरे यांना पंधरा-वीस वर्षे थांबण्याची तयारी असलेला पैसा लागतो, आणि आपल्या बँकांच्या ठेवी मात्र काही वर्षांच्या मुदतीच्या असतात. या विसंगतीमुळे आपण काय भोगले आहे, ते मागील दशकातील बुडीत कर्जांनी दाखवलेच. म्हणून २०२० च्या अर्थसंकल्पाने सार्वभौम निधींना पायाभूत क्षेत्रातील गुंतवणुकीच्या उत्पन्नावर करमाफी दिली, तीही किमान तीन वर्षे गुंतवणूक ठेवण्याच्या अटीवर, आणि २०२५ च्या अर्थसंकल्पाने या सवलतीची मुदत ३१ मार्च २०३० पर्यंत वाढवली. दुसरीकडे, मार्च २०२०च्या अखेरीस एचडीएफसीमध्ये चीनच्या मध्यवर्ती बँकेचा वाटा १.०१ टक्के झाल्याचे दिसताच पुढच्याच महिन्यात सीमेलगतच्या देशांतून येणाऱ्या थेट गुंतवणुकीला सरकारी पूर्वपरवानगी सक्तीची झाली. बाजारातून घेतलेल्या एक टक्का शेअरने एचडीएफसीचे काहीच बिघडणार नव्हते, आणि नवा नियम थेट गुंतवणुकीपुरता असल्याने तो त्या प्रकारच्या बाजारखरेदीला लागूही नव्हता. पण सरकारला इशारा द्यायचा होता, तो दिला गेला.

भारताने स्वतःचा असा निधी का काढू नये, हा उपप्रश्न अनेकदा येतो. आपला चलनसाठा ७०० अब्ज डॉलरच्या आसपास गेला तरी तो नॉर्वे किंवा कुवेतसारखा तेल विकून साठवलेला नाही. चालू खात्यावर आपली बहुतेक वर्षे तूटच असते. साठा वाढतो तो बाहेरून आलेल्या भांडवलामुळे, आणि त्या भांडवलाला परत जाण्याचा हक्क आहे. असा साठा दीर्घ मुदतीच्या शेअरमध्ये अडकवणे म्हणजे दुसऱ्याच्या ठेवीवर जुगार होईल. २०१५ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय गुंतवणूक व पायाभूत सुविधा निधीला सार्वभौम निधी म्हटले जाते, परंतु त्याचे काम परकीय निधींना सोबत घेऊन देशातच गुंतवणूक करण्याचे आहे. २०१७ मध्ये पहिला मोठा परकीय भागीदार म्हणून अबू धाबीच आला. नॉर्वेच्या कल्पनेच्या सर्वांत जवळ जाणारी गोष्ट आपल्याकडे गोव्यात घडली. गोवा फाउंडेशनच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये असा आदेश दिला की खाणमालकांनी लोहखनिजाच्या विक्रीमूल्याचा १० टक्के भाग शाश्वत विकास आणि पिढ्यांमधील न्याय यांसाठी एका कायमस्वरूपी निधीत भरावा. खनिज हे उत्पन्न नसून संपत्ती आहे आणि ती विकली तर दुसऱ्या रूपात जपून ठेवली पाहिजे, हे तत्त्व तिथे न्यायालयाने मान्य केले. तेच तत्त्व इतर खनिजसमृद्ध राज्यांना, आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीसह, का लागू होऊ नये, याचे समाधानकारक उत्तर मला अजून मिळालेले नाही.

शेवटी शेअरहोल्डिंग पॅटर्नमधल्या त्या नावांबद्दल. ‘गव्हर्नमेंट ऑफ सिंगापूर’ हे नाव बहुतेक वेळा जीआयसीच्या व्यवस्थापनाखालील पैशाचे असते आणि ‘गव्हर्नमेंट पेन्शन फंड ग्लोबल’ म्हणजे नॉर्वे. सिंगापूर वा नॉर्वेच्या मंत्रिमंडळाने ती कंपनी पसंत केली, असा त्याचा अर्थ नसतो; कित्येकदा ती कंपनी निर्देशांकात आहे म्हणून, किंवा निधीने नेमलेल्या एखाद्या बाहेरच्या व्यवस्थापकाने ती निवडली म्हणून, ते नाव तिथे येते. अशा संस्था सेबीच्या वर्गीकरणात पहिल्या श्रेणीत मोडतात, एका गुंतवणूकदार गटाला कंपनीत १० टक्क्यांच्या आतच राहावे लागते, आणि अंतिम लाभधारकाच्या वाढीव खुलाशाच्या २०२३ च्या नियमांतून सरकारी गुंतवणूकदारांना सूट आहे. प्राथमिक विक्रीत अँकर, म्हणजे विक्री सर्वांना खुली होण्याआधी शेअर मिळणारा मोठा गुंतवणूकदार, म्हणून हे नाव झळकले, जसे मे २०२२ मध्ये एलआयसीच्या विक्रीत सिंगापूर आणि नॉर्वे या दोघांचे झळकले, तर दिलेल्या शेअरपैकी निम्मे ३० दिवस आणि उरलेले ९० दिवस विकता येत नाहीत, एवढीच त्यांच्या थांबण्याची हमी असते. आणि एखाद्या तिमाहीत नाव यादीतून नाहीसे झाले तर घाबरून विक्री करण्याआधी हे पाहावे, की ही यादी फक्त एक टक्का किंवा त्याहून अधिक हिस्सा असणाऱ्यांची असते. नव्याने शेअर काढल्यामुळे कंपनीचे एकूण भांडवल वाढले, तर एकही शेअर न विकता १.०२ टक्क्यांचा हिस्सा ०.९८ होतो आणि नाव गळते.